वनस्पतिजन्य प्रथिन-पावडर आणि जड धातू
(वार्षिक सभेत आहारविभागातर्फे केलेले भाषण)



रुग्णाला भेटावयास येताना पूर्वी मोसंबी आणि शहाळे आणले जाई. आता प्रथिन-पावडरीचा डबाही येतो. त्यावर ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द असला की वस्तू निर्धोकच, असा समज आढळतो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये २३ प्रथिन-उत्पादनांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोनतृतीयांशाहून अधिक उत्पादनांच्या एकाच मात्रेत, संस्थेने दिवसभरासाठी मानलेल्या ०.५ मायक्रोग्रॅम मर्यादेहून अधिक शिसे होते. वनस्पतिजन्य पावडरींतील शिशाचे सरासरी प्रमाण दुग्धजन्य पावडरींच्या नऊपट निघाले.

याचे कारण मातीत आहे. वाटाणा, भात यांसारखी पिके अन्नद्रव्यांबरोबर जमिनीतील व पाण्यातील शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिकही शोषतात. प्रथिन वेगळे काढताना यांतील काही अंश त्याबरोबर एकवटतो. सेंद्रिय शेतीने मातीतील धातू नाहीसे होत नाहीत.

०.५ ही मर्यादा अतिशय सावध आहे, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिशाची दैनिक संदर्भपातळी मुलांसाठी २.२ आणि प्रजननक्षम वयातील स्त्रियांसाठी ८.८ मायक्रोग्रॅम आहे. त्यामुळे चार दिवस पावडर घेतली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. चिंता आहे ती रोजच्या, वर्षानुवर्षांच्या सेवनाची. शिसे हाडांत दशकानुदशके राहते आणि गरोदरपणी रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचू शकते. कॅडमियम मूत्रपिंडांत साचते. शरीरात लोह कमी असेल तर हे दोन्ही धातू अधिक शोषले जातात. रक्तक्षय असलेल्या आपल्या भगिनींनी म्हणूनच विशेष जपावे.

आपल्या देशातील स्थितीही विचार करावयास लावणारी आहे. केरळमधील डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पूरकांची तपासणी करून २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी सुमारे ७० टक्के उत्पादनांवरील प्रथिनांची माहिती चुकीची होती.

कुटुंबीयांना आमची विनंती अशी की, डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर परस्पर बंद करू नये आणि न लिहिलेली परस्पर सुरू करू नये. मुले, गर्भवती आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्या बाबतीत आधी विचारावेच. ज्यांना पथ्य नाही, त्यांची प्रथिनांची गरज डाळ-भात, उसळ, दूध, दही, अंडी यांतून बहुधा भागते.

देणगीदारांना एवढेच सांगणे आहे की, डब्यांसाठी योजलेली रक्कम रुग्णांच्या स्वयंपाकघरासाठी द्यावी. आपले प्रेम ताटातून रुग्णापर्यंत नक्की पोहोचेल.