वीर कोणाला म्हणावे?

(यिशुन येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपण ज्या यिशुनमध्ये आज जमलो आहोत ते नाव एका माणसाचे आहे. लिम नी सून या रबर आणि अननसाच्या बागायतदाराचे नाव मंदारिन उच्चारात ‘यिशुन’ होते. या नगराला ना राजाचे नाव मिळाले, ना सेनापतीचे. आपल्याकडे गावाच्या वेशीवर वीरगळ उभे असतात. त्यांवर खाली लढाई कोरलेली, काही ठिकाणी गाई, आणि वर शिवलिंगापुढे बसलेला वीर. शस्त्र हाती घेऊन जो पडला तो वीर, एवढीच त्या दगडाची व्याख्या.

व्याख्या मात्र बदलते. मलय लोकांचा हांग तुआ पाहा. मलाक्काच्या सुलतानाचा हा एकनिष्ठ योद्धा. दरबाऱ्यांच्या चहाडीवरून सुलतानाने त्याला देहदंड फर्मावला. प्रधानाने त्याला गुप्तपणे लपविले. मित्र मेला असे समजून हांग जेबातने बंड पुकारले आणि राजवाडा ताब्यात घेतला. तेव्हा सुलतानाने तुआला क्षमा करून परत बोलाविले, आणि तुआने आपल्यासाठीच बंड करणाऱ्या मित्राला ठार केले. जुन्या ग्रंथाने वीर ठरविले ते तुआला. 1956 साली याच सिंगापुरात फणी मजुमदार (होय, मुंबईच्या चित्रसृष्टीत नाव मिळविलेले तेच) यांनी ‘हांग तुआ’ चित्रपट काढला. त्याच्या अखेरीस खुद्द तुआच्याच मनात संशय उभा राहतो की, खरा कोण, मी की जेबात? पाचच वर्षांनी, 1961 मध्ये, हुसैन हनीफ यांचा चित्रपट आला. त्याचे नावच ‘हांग जेबात’. स्वातंत्र्याच्या वाऱ्यात आज्ञाधारक मागे पडला आणि बंडखोर पुढे आला.

आपल्याला हे नवे नाही. अंगठा कापून देणारा एकलव्य पिढ्यान्‌पिढ्या आदर्श शिष्य म्हणून सांगितला गेला. अंगठा मागणाऱ्याविषयी प्रश्न विचारण्यास आपल्या माणसांच्या हाती लेखणी यावी लागली. कोरेगावच्या जयस्तंभावर 1818 च्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तेथे गेले. ज्यांना भित्रे आणि हीन ठरविले गेले त्यांना त्या नावांचा अभिमान वाटणे न्याय्यच आहे.

परंतु बाबासाहेब तेथे थांबले नाहीत. 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात, न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या सभेत, थोर पुरुष कोण याची त्यांनी कसून चर्चा केली. कार्लाइलची प्रामाणिकपणाची कसोटी त्यांना अपुरी वाटली. समाजहिताची प्रेरणा हवी, समाजाला चाबूक लावण्याचे आणि त्याची घाण काढण्याचे धैर्य हवे, असे त्यांचे प्रतिपादन होते. टीका झाली तेव्हा, आपण मूर्तिपूजक नसून मूर्तिभंजक आहोत, असे त्यांनी छापून सांगितले. त्यांच्या तसबिरीला हार घालताना हे आपल्याला कितपत आठवते?

मी हा विषय का घेतला ते सांगतो. माझा मुलगा येत्या वर्षी राष्ट्रीय सेवेत दाखल होईल. 1967 पासून ती येथे सक्तीची आहे, आणि तो ती आनंदाने करणार आहे. पण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचता वाचता त्याने मला विचारले, “बाबा, सिद्धार्थ लढाईतून पळाला का?”

मी ते प्रकरण त्याच्याबरोबर पुन्हा वाचले. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचे भांडण पेटले. शाक्यांच्या सेनापतीने संघात युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने उभे राहून विरोध केला. मतदान झाले आणि तो प्रचंड बहुमताने हरला. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वर्षांच्या प्रत्येक शाक्याला सैन्यात भरती करण्याचा ठराव आला. सिद्धार्थ म्हणाला, मी येणार नाही. तेव्हा त्याच्या कुटुंबावर बहिष्कार घालण्याची आणि जमिनी जप्त करण्याची धमकी देण्यात आली. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना समजावून सांगण्याची गरज नाही. अपराध माझा आहे, शिक्षा मला द्या, असे म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली.

हा तुआ नव्हे. आज्ञा झाली म्हणून तो शस्त्र उचलत नाही. आणि हा जेबातही नव्हे. जेबातच्या संतापात कितीतरी निरपराध माणसे मेली. पळणारा रात्री निघून जातो. हा भर सभेत नाही म्हणाला, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाला मोजू दिली नाही.

मुलाने सारे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, “पण पुढे युद्ध तर टळले. मग तो घरी का परतला नाही?” मुले आपल्याला सोडत नाहीत! बाबासाहेबांनी त्याचेही उत्तर त्याच पुस्तकात दिले आहे. राज्याराज्यांतील युद्ध प्रासंगिक असते, वर्गावर्गांतील संघर्ष मात्र अखंड चालू राहतो, आणि दुःखाचे मूळ त्यात आहे, हे सिद्धार्थाच्या ध्यानी आले होते. शाक्य आणि कोलीय यांचा समेट झाल्याचे वृत्त त्याला राजगृहात मिळाले. परतीचा मार्ग मोकळा होता. तो पुढे चालत राहिला.

जयभीम!