बॅग वाहणारा माणूस

गोल्फ हा काही आपल्या रोजच्या गप्पांतला खेळ नाही. आमच्या केडगावात क्रिकेट निघते, कुस्ती निघते. गोल्फ निघालाच तर 'बड्या लोकांचा खेळ' म्हणून. हा समज अगदीच खोटा नाही. पण या खेळात एक माणूस असा असतो, जो स्वतः बडा नाही आणि ज्याच्यावाचून बड्यांचे पान हलत नाही. त्याला कॅडी म्हणतात. टीव्हीवर तो खेळाडूच्या दोन पावले मागे दिसतो, खांद्यावर भली मोठी बॅग घेतलेला.

त्या बॅगेत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. अठरा होल पुरे करायचे म्हणजे चार-पाच तास आणि नऊ-दहा किलोमीटरची चाल. पण ओझे वाहणे ही या कामातली सोपी बाजू. स्पर्धेच्या आधी कॅडी सारे मैदान पालथे घालतो. कुठल्या झाडापासून होल किती यार्डांवर, वारा कुठून येतो, गवताचा कल कुठे, रात्रीच्या पावसाने जमीन मऊ झाली का, हे सारे वहीत टिपून ठेवतो. चेंडू मारण्याआधी खेळाडू त्याला अंतर विचारतो, मग कोणती काठी घ्यायची यावर दोघांत कुजबुज होते.

ही कुजबुज फार महत्त्वाची आहे. कुस्तीत वस्ताद हौद्याबाहेरून ओरडून डाव सांगतो. गोल्फच्या वैयक्तिक स्पर्धेत ही मुभा नाही. फेरी चालू असताना खेळाडूने सल्ला घ्यायचा तो फक्त आपल्या कॅडीचा. प्रशिक्षकालाही तेव्हा गप्प राहावे लागते. उलट कॅडीने नियम मोडला, तर दंड बसतो तो खेळाडूला.

इयान वूसनमला हे २००१ साली कळले. इंग्लंडमध्ये रॉयल लिथमच्या मैदानावर ब्रिटिश ओपनचा शेवटचा दिवस होता. पहिल्याच होलवर एक फटका वाचवून तो आघाडीच्या बरोबरीत आला. दुसऱ्या होलवर उभा राहिला, तेव्हा कॅडीच्या लक्षात आले की बॅगेत १५ काठ्या आहेत. सरावात चाचणीसाठी घेतलेली एक जादा काठी काढायची राहून गेली होती. निघण्यापूर्वी काठ्या मोजणे हे कॅडीचे अगदी पहिले काम! दोन फटक्यांचा दंड बसला. वूसनमने ती काठी झुडपांकडे भिरकावली, पुढे लवकरच आणखी फटके गमावले आणि अखेर तो संयुक्त तिसरा आला. गंमत पाहा, एवढे होऊनही त्याने कॅडीला लगेच काढले नाही. दोन आठवड्यांनी स्वीडनमधल्या स्पर्धेत हा गृहस्थ शेवटच्या दिवशी सकाळी झोपून राहिला, तेव्हा मात्र नोकरी गेली.

म्हणून बॅग कोणाच्या खांद्यावर द्यायची, हा भरवशाचा प्रश्न असतो. अदिती अशोकने तो घरातच सोडवला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये वडील तिचे कॅडी होते. टोकियोचे ऑलिम्पिक लांबून २०२१ मध्ये झाले, तेव्हा बॅग आईने उचलली. आपल्या पुण्याचा उदयन मानेही त्या ऑलिम्पिकमध्ये पुरुषांत खेळला. अदिती चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकले. टोकियोच्या उन्हाळ्यात चार दिवस मुलीची बॅग वाहणारी ती माउली मला पदकाइतकीच मोलाची वाटली.

व्यावसायिक कॅडीला परदेशी आठवड्याचे मानधन मिळते आणि खेळाडू जिंकला तर बक्षिसाचा साधारण दहा टक्के वाटा देण्याची तिथे रीत आहे. आपल्याकडचे चित्र वेगळे. कोलकात्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. इंग्रजांनी गावोगावच्या छावण्यांत हा खेळ आणला आणि बॅगा उचलायला आजूबाजूच्या वस्त्यांतली पोरे आली. कोणी बॅग उचलायचा, कोणी पुढे धावत जाऊन चेंडू कुठे पडला ते पाहायचा. या दुसऱ्याला उत्तरेत 'आगेवाला' म्हणतात. फेरीमागे मजुरी, वर साहेबाची मर्जी. ही पोरे मैदानाचा इंचन् इंच पाठ करायची, साहेबांच्या चुका मुकाट पाहायची आणि मैदान रिकामे मिळाले की उसन्या काठीने तोच फटका मारून बघायची.

त्यांतलाच एक अली शेर. आमच्या मुशायऱ्यांत शेर दोन ओळींचा असतो. या शेराने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. त्याच्याआधी ही स्पर्धा एकाच भारतीयाने जिंकली होती, १९६५ मध्ये बिल्लू सेठी यांनी, आणि ते हौशी खेळाडू होते. पहिला भारतीय व्यावसायिक विजेता म्हणून नोंद झाली ती दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी म्हणून वाढलेल्या माणसाची. २००९ मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मुनियप्पाने हीच स्पर्धा जिंकली. तोही आधी बॅगाच उचलत होता.

पण अली शेर एखादाच होतो. बाकीचे बॅग उचलतच म्हातारे होतात. त्यांचा मालक कोण, हा प्रश्न हाँगकाँगच्या एका कॅडीने कोर्टात नेला आणि तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. गणवेश क्लबचा, नंबर क्लबने दिलेला, पाळी क्लब लावणार, फेरीचा दर क्लबचा आणि पैसेही क्लबच्याच हातून मिळणार. तरी १९९७ मध्ये बहुमताचा निकाल आला की कॅडी हा क्लबचा नोकर नव्हे. क्लब केवळ खेळाडूंच्या वतीने पैसे पोचवतो. लॉर्ड गॉफ यांनी विरुद्ध मत नोंदवले. त्यांच्या मते तो क्लबचा नोकरच होता. पण निकाल बहुमताने लागतो, आणि दीर्घ सेवेबद्दल मागितलेली रक्कम त्या कॅडीला मिळाली नाही.