'वेट' : एका इंग्रजी क्रियापदाची कथा

आगगाडीच्या प्रवासाला निघालेला मनुष्य 'तिकीट वेटिंगला आहे' असें सांगतो, आणि उपाहारगृहांत शिरला कीं चहासाठीं 'वेटर'ला हांक मारतो. पहिल्या शब्दांत स्वस्थ बसून राहणें आहे, दुसऱ्यांत क्षणाचीहि उसंत नाहीं. तरी दोन्ही शब्द 'वेट' या एकाच इंग्रजी क्रियापदापासून निघालेले आहेत. शाळेंत या क्रियापदाचा अर्थ बहुधा एका शब्दांत उरकला जातो : 'वेट' म्हणजे थांबणें. हा अर्थ खोटा नाहीं, पण अपुरा आहे. आणि अपुरा अर्थ पुष्कळदां चुकीच्या अर्थाहूनहि अधिक फसवितो, कारण त्याविषयीं शंकाच येत नाहीं.

या शब्दाचें मूळ शोधूं गेल्यास तेथें थांबणें सांपडत नाहीं. सांपडतें तें पाहणें. उत्तर फ्रान्सच्या जुन्या बोलींतून हें क्रियापद इंग्रजींत आलें, आणि त्या बोलीनें तें जर्मन कुळांतल्या एका जुन्या भाषेंतून घेतलें होतें. पहारा करणें या अर्थाचा 'वॉच' आणि जागें होणें या अर्थाचा 'वेक' हे त्याचे सगोत्र शब्द होत. आरंभीं 'वेट' करणारा मनुष्य डोळ्यांत तेल घालून कोणाच्या तरी पाळतीवर असे, आणि तोहि बहुधा दुष्ट हेतूनें. 'लाय इन वेट' हा वाक्प्रचार त्या काळचा अवशेष आहे. 'दबा धरून बसणें' हा त्याचा खरा मराठी जोडीदार. इंग्लंडांतील नगरांत रात्रीं पहारा करणाऱ्या आणि वाद्यें वाजविणाऱ्या लोकांना 'वेट्स' म्हणत. पुढें पहारा मागें पडला आणि ते नगराचे पगारी वादक झाले. १८३५ च्या नगरपालिका कायद्यानें त्यांची ती चाकरी संपली. पण नाताळांत दारोदार गाणीं म्हणत फिरणाऱ्यांकडे तें नांव चालत आलें.

मराठी कानाला यांत परकें वाटण्याजोगें कांहीं नाहीं. मराठी मनुष्यहि वाट 'पाहतो'. ज्या वाटेनें कोणी यावयाचें त्या वाटेकडे त्याचे डोळे लागलेले असतात. संस्कृतांतील प्रतीक्षा आणि अपेक्षा हे दोन्ही शब्द 'ईक्ष्' म्हणजे पाहणें या धातूचेच. लॅटिनमधून इंग्रजींत आलेल्या 'एक्स्पेक्ट'च्या पोटींहि बाहेर दृष्टि लावणें हाच अर्थ आहे. इतक्या दूरदूरच्या भाषांनीं एकमेकींना न विचारतां एकच गोष्ट सांगावी, ही ध्यानांत धरण्यासारखी गोष्ट आहे.

आतां 'थांबणें' कोठें फसवितें तें पाहावें. 'पाहुणे पुण्यास दोन दिवस थांबले' या वाक्याचें इंग्रजी करतांना विद्यार्थी 'वेट' योजतो, आणि इंग्रज श्रोता विचारतो, 'कोणासाठीं?' मुक्काम करणें म्हणजे 'स्टे', गति खुंटणें म्हणजे 'स्टॉप', आणि कशाकडे तरी डोळे लावून थांबणें तेवढें 'वेट'. मराठींतील एक 'थांबणें' या तिघांचा भार एकटें वाहतें.

दुसरा घोटाळा 'वेट' आणि 'एक्स्पेक्ट' यांचा. 'पत्राची वाट पाहत आहे' असें मराठींत दोन्ही प्रसंगीं म्हणतां येतें. पण 'एक्स्पेक्ट' ही मनाची धारणा आहे : पत्र येईल असें वाटतें, एवढेंच, तोंवर मनुष्य जेवतो, कचेरींत जातो, रात्रीं झोंपतो. 'वेट'मध्यें कांहीं तरी अडलेलें असतें. पत्र येईपर्यंत एक पाऊल उचललें जात नाहीं. म्हणून अर्जदारानें 'उत्तर एक्स्पेक्ट करतों' असें लिहिलें तर त्यांत किंचित् हक्काचा, कधीं कधीं दटावणीचाहि सूर उमटतो. तेथें 'अवेट' हें क्रियापद अधिक शोभतें. तें 'वेट'चें दरबारी भावंड आहे. पत्रें, निकाल, आज्ञा यांच्याच संगतींत तें बहुधा वावरतें. त्याला 'फॉर'चा आधार लागत नाहीं, आणि 'वेट'ला सामान्यतः त्यावांचून चालत नाहीं. 'अवेट फॉर' आणि नुसतें 'वेट यू' या दोन्ही चुका अर्जांतून जोडीनें भेटतात. 'अवेट'चा आणखी एक विशेष आहे : त्यांत भविष्यच मनुष्याची वाट पाहत उभें असूं शकतें. अशा ठिकाणीं मराठी म्हणते, 'पुढें काय वाढून ठेवलें आहे कोण जाणे.'

तिसरी गोष्ट काळाची. 'दोन तासांपासून वाट पाहत आहे' याचें शब्दशः इंग्रजी करतांना 'सिन्स टू अवर्स' असें लिहिलें जातें. तासांची लांबी सांगावयाची तर 'फॉर' पाहिजे. 'सिन्स' हें सुरुवातीच्या क्षणाचें, म्हणजे दहा वाजल्यापासून किंवा सोमवारपासून. शिवाय मराठी वर्तमानकाळावर भागवते, तर इंग्रजीला 'हॅव बीन वेटिंग' असें लांब रूप हवें असतें, कारण वाट पाहणें मागें सुरू होऊन अजून संपलेलें नाहीं.

नकार आला म्हणजे क्रियापद आणखी गंमत करतें. 'इट कॅन वेट' म्हणजे काम राहूं द्या, त्यावांचून कांहीं अडत नाहीं. उलट 'आय कान्ट वेट' असें मित्रानें कळविलें तर तो भेटीला नकार देत आहे असें समजूं नये. त्याला भेटीची इतकी उत्कंठा लागली आहे कीं दम निघत नाहीं.

सेवेचा अर्थ याच मुळाला फुटलेली शाखा होय. ज्याचें लक्ष सतत धन्याकडे, तो धन्याला काय हवें हें आधींच ओळखतो. म्हणून 'वेट ऑन' म्हणजे सेवा करणें, आणि 'वेटर' म्हणजे पंक्तीवर नजर ठेवून वाढणारा. जुन्या इंग्रजी वृत्तांतांत शिष्टमंडळें व्हाइसरॉयसाहेबांवर 'वेट' करीत, म्हणजे अदबीनें भेटीस जात. कवि मिल्टन १६५२ च्या सुमारास पूर्ण अंध झाला. अंधत्वावर त्यानें रचलेलें सुनीत १६७३ च्या संग्रहांत प्रसिद्ध झालें; त्याचा शेवटचा शब्द हेंच क्रियापद आहे. तेथें नुसतें 'थांबणें' वाचणारा विद्यार्थी कवितेचा प्राण गमावतो. निरुपायानें बसून राहिलेला दुबळा मनुष्य त्या शब्दांत नाहीं. आज्ञेसाठीं सज्ज उभा असलेला सेवक आहे.

पाहणें हरवलें म्हणजे या शब्दाची काय दशा होते, याचें उदाहरण राजकारणांत मिळतें. १९१० सालीं इंग्लंडचे मुख्य प्रधान ॲस्क्विथ यांनीं पार्लमेंटांत प्रश्नकर्त्यांना 'वेट अँड सी' असें उत्तर वारंवार दिलें. पुढें पहिल्या महायुद्धांत तेच शब्द दिरंगाईची खूण म्हणून विरोधकांनीं त्यांच्यावर उलटविले. १९१६ च्या डिसेंबरांत त्यांनीं पद सोडलें. पाहण्याचें क्रियापद शेजारीं उभें असतांहि लोकांनीं त्यांतलें थांबणें तेवढें ऐकलें.

पंढरपूरची कथा घरोघरीं ठाऊक आहे. पुंडलीक आईबापांची सेवा करीत असतां देव दारीं आला. पुंडलिकानें वीट पुढें केली आणि सेवा संपेपर्यंत तीवर उभें राहावयास सांगितलें. ही कथा इंग्रजींत सांगावयाची झाल्यास पुत्राची सेवा म्हणजे 'वेट ऑन' आणि देवाचें तिष्ठणें म्हणजे 'वेट फॉर'. क्रियापद एकच, आणि दोघांपैकीं कोणाचेंहि लक्ष ढळलेलें नाहीं.

म्हणून 'वेट' हा शब्द समोर आला म्हणजे भाषांतर करणाऱ्यानें आधीं एवढें विचारावें : येथें पाय थांबले आहेत, डोळे लागले आहेत, कीं हात सेवेला तत्पर आहेत? त्याचें उत्तर मिळालें कीं थांबणें, वाट पाहणें, ताटकळणें, टपून बसणें, तैनातींत असणें यांपैकीं योग्य तो मराठी शब्द सुचण्यास वेळ लागत नाहीं.