तलावाकाठचे बिऱ्हाड



आमचा आजचा विषय फार मोठा नाही. आम्ही उभयतांनी भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यात, लाखनी आणि साकोली यांच्या मधल्या तलावांच्या मुलखात, साडेचार महिने घर भाड्याने घेऊन काढले. हाताने रांधले आणि खाल्ले. बोलणारा आमच्यापैकी एक असला, तरी बोलणे दोघांचे आहे. पाहिले तेही दोघांनी, आणि भांडी घासली तीही दोघांनी.

या राहण्याला हल्ली निरनिराळी नावे आहेत. आपल्याकडे मात्र जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे बिऱ्हाड. चातुर्मासात पंढरपुरी राहणारा, नरसोबाच्या वाडीला किंवा गाणगापूरला सेवेसाठी महिना-दोन महिने जाणारा माणूस काय करी? देवळाजवळ एक खोली घेई, सोबत पीठ-मीठ, दोन पातेली आणि स्टोव्ह असे, आणि गावच्या बाजारातून भाजी येई. तो पाहुणा नसे आणि गावकरीही नसे. त्याला बिऱ्हाडकरू म्हणत. देवासाठी आपण हे पिढ्यान्‌पिढ्या केले. गावासाठी, केवळ ते गाव पाहावे म्हणून, क्वचितच केले. विश्रांतीसाठी निघालो की आपण हॉटेल शोधतो आणि घंटा वाजवून चहा मागवतो.

फ्रान्समध्ये याची रीतसर व्यवस्था लागलेली आहे. तिकडे १९३६ साली कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली आणि शहरातील साध्या माणसाला प्रथमच ‘जायचे कुठे’ हा प्रश्न पडला. दुसऱ्या बाजूला महायुद्धानंतर खेडी ओस पडू लागली होती. घरे होती, राहणारे नव्हते. एमील ओबेर नावाच्या एका सिनेटरने या दोन अडचणींची सांगड घातली, आणि १९५१ साली दक्षिणेकडील आल्प्सच्या भागात पहिले ‘झीत’ उघडले. झीत म्हणजे मुक्कामाची जागा: शेतकऱ्याचे रिकामे घर दुरुस्त करावे, त्यात चूल आणि भांडी ठेवावी आणि शहरच्या कुटुंबाला आठवड्याच्या हिशेबाने द्यावे. १९५५ साली अशा घरांचा राष्ट्रीय संघ निघाला. जेवण घरमालकाने द्यायचे नाही, ही त्यातली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट. पाहुण्याला बाजारात जावेच लागते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. भंडारा म्हटले की नागपूरकडच्या लोकांना पितळेची भांडी आठवतात. पण साकोलीच्या बाजूला गेले की डोळ्यांत भरते ते पाणी. दर गावाला एक तलाव, आणि एखाद-दुसरी बोडी, म्हणजे लहान तळे. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याची विभागणी झाली, तेव्हापासून तो गोंदियात गेला आहे. शिवनीबांधचा भंडाऱ्यातच राहिला. आमच्या गावचा तलाव या दोघांपुढे लहान. त्या गावाचे नाव आम्ही येथे सांगत नाही. घरे तेथे मोजकीच मोकळी आहेत, आणि व्याख्यान ऐकून उद्या सगळेच निघाले तर पंचाईत होईल.

घर कवेलूंचे. पुढे सपरी, आत दोन खोल्या, मागे सांदवाडी आणि तिच्यात सीताफळाचे झाड. घरमालक नोकरीनिमित्त नागपूरला असतात. घर सहा वर्षे बंद होते. आम्ही कार्तिकाच्या शेवटी पोचलो. शेजारच्या आजी सपरीत येऊन बसल्या, आमच्या गॅसच्या शेगडीकडे आणि पिशव्यांकडे पाहिले आणि विचारले, “चार दिसांचे पाहुने, का रायनारे जी?” राहणार म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, “मंग तांदूर कोनाचा घेनार?”

हा प्रश्न किती खोल आहे ते आम्हाला पुढे महिनाभर कळत होते. आपण शहरात तांदूळ दुकानातून घेतो. त्या गावात तो कोणाचा तरी असतो. धान कापून बांध्यांत कडपा पसरलेल्या होत्या, मग पुंजणे रचले गेले, मग मळणी झाली. नवा तांदूळ घरात आला तरी लोक जुना संपेपर्यंत त्याला हात लावीत नाहीत. नव्याचा भात चिकट होतो, पाणी कमी घालावे लागते आणि पोटालाही जड. आजींनी आम्हाला त्यांच्या ढोलीतला गेल्या सालचा तांदूळ दिला आणि गंजात शिजवून पेज पसवण्याची रीत दाखवली. पेज त्यांच्या गाईला जाई. कुकर आम्ही नेला होता. तो डाळीपुरता उरला.

चिन्नोर हा या भागाचा जुना सुवासिक तांदूळ. रोप उंच वाढते, वाऱ्याने लोळते, उशिरा पिकते आणि उतारा कमी देते. म्हणून बहुतेक शेतकरी तो घरापुरता दोन-चार बांध्यांतच लावतात. रोजच्या ताटात एचएमटी. हे नाव ऐकून कोणाला एखाद्या संशोधन केंद्राचा भास होईल. हा वाण मात्र चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे जपून तयार केला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव त्याला मिळाले. २०१८ साली ते गेले. लक्षावधी लोक तो भात खातात आणि त्यांतल्या फारच थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक आहे.

भातानंतर डाळ. येथे लाखोळी होते. धान उभे असतानाच, बांधीत ओल आहे तोवर, तिचे बी फेकतात. नांगरट नाही, पाणी नाही. याला उतेरा म्हणतात. धान कापले की खाली लाखोळी हिरवीगार उभी असते. तिच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी आम्ही माघात पोटभर खाल्ली. डाळीविषयी मात्र शहरी माणसाच्या मनात धास्ती असते आणि ती निराधार नाही. लाखोळीत एक विषारी द्रव्य असते. दुष्काळात महिनोन्‌महिने केवळ तिच्यावरच राहिलेल्या माणसांचे पाय लुळे पडत. आयुर्वेदात या व्याधीला कलायखंज असे नाव आहे. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. २०१६ साली, कमी विषाचे वाण निघाल्यावर, ती उठवावी अशी शिफारस वैज्ञानिकांनी केली. गावच्या बायका डाळ भिजवून, उकळून ते पाणी ओतून देतात, आणि ताटात भात, भाजी, मासळी असे दुसरे काही असतेच. विष पुष्कळसे पाण्याबरोबर जाते. ही रीत त्यांना कोणी प्रयोगशाळेतून सांगितलेली नव्हती.

बाकी स्वयंपाकाचे शब्द शिकावे लागले. कोथिंबिरीला सांबार म्हणावे, टोमॅटोला भेदरे, वालाच्या दाण्यांना पोपट. आठवडी बाजारात पहिल्या दिवशी ‘सांबार द्या’ म्हणताना आमचे आम्हालाच हसू आले. देणारणीला मुळीच नाही. जवसाची चटणी मात्र न शिकता आवडली.

आता तलावाकडे वळतो, कारण आमचे सगळे ताट तेथूनच निघत होते. पारीवर सकाळी उभे राहावे, म्हणजे व्यवस्था दिसते. पावसाचे पाणी वरच्या जंगलातून येऊन साठते. जादा झालेले सलंगावरून वाहून जाते. तुडूम उघडला की पाटाने बांध्यांत उतरते. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी, गोंड राजांच्या अमलात, जो तलाव बांधील त्याला जमीन, असा व्यवहार होता. कोहळी समाजाने या कलेत नाव मिळवले. उसाची शेतीही त्यांचीच. जमिनीचा उतार डोळ्यांनी जोखून त्यांनी अशा जागा निवडल्या की आजचा इंजिनियरही तेथेच बोट ठेवील. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले. मध्य प्रदेश सरकारने १९५० साली कायदा करून मालगुजारी रद्द केली, १९५१ साली ती अमलात आली, आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. म्हणून कागदोपत्री यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ आणि बोलण्यात ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर तलाव आहेत. इतके मामा असून भाचरे तहानलेली, हा विनोद तेथे सगळ्यांना पाठ आहे.

मालगुजारी गेली ते चांगलेच झाले. तिच्यासाठी अश्रू ढाळणाऱ्यांत आम्ही नाही. परंतु मालगुजाराच्या धाकाने का होईना, दर उन्हाळ्यात पार सावरली जाई, गाळ निघे. तलाव सरकारचा झाल्यावर ते काम कोणाचे, हे ठरता ठरता पिढ्या गेल्या. गावाचा निस्ताराचा हक्क कागदावर राहिला, पाण्यावर कर आला, आणि गाळ साचत गेला. काठांवर बेशरमाची झाडी माजली. आमच्या तलावाचा एक कोपरा डिसेंबरातच चालत ओलांडता येई.

याचा पहिला फटका धीवरांना. मासेमारीचा ठेका त्यांच्या सहकारी संस्थेकडे असतो. संस्था रोहू, कटला यांचे बीज सोडते, कारण ते लवकर वाढतात आणि बाजारात खपतात. पण घरी खायला धीवरीण जी मासळी ठेवते ती मरळ आणि शिंगूर. आम्ही सकाळी काठावरच मासळी घेत असू. एक प्रौढ धीवरीण होती. तिने आम्हाला शिंगूर राखेने चोळून साफ करायला शिकवले, आणि तिच्या काट्याचा दंश किती ठणकतो तेही सांगितले. ती म्हणाली की देशी मासळीला अंडी घालायला उथळ पाणी आणि पाण्यातले गवत लागते. बेशरमाखाली ते उगवत नाही. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात धीवर स्त्रियांनीच काही तलावांतून बेशरम उपटून पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. २०१७ पासून सरकारची गाळ काढण्याची योजना आहे आणि ती हवीच. पण यंत्राने सगळा तळ एकसारखा खरवडला तर तो उथळ काठही जातो. याच उथळ पाण्यात आणि धानाच्या बांध्यांत सारस पक्षी चरतो; महाराष्ट्रात तो गोंदिया-भंडाऱ्याखेरीज क्वचितच कोठे उरला आहे. हॉटेलच्या ताटात आलेल्या माशाने आम्हाला यांतले काहीच सांगितले नसते.

गैरसोयी थोडक्यात सांगतो. वीज जाते. पौषात पहाटेची थंडी कवेलूंतून आत येते. औषधाला लाखनी गाठावी लागते. ज्याला रोज वर्तमानपत्र सकाळीच हवे, त्याने जाऊ नये. करमणूक मात्र भरपूर. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, आणि होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. फाल्गुनाच्या शेवटी मोहाची फुले पडू लागली, तेव्हा पहाटे चारला सगळी आळी टोपल्या घेऊन निघाली, आणि त्या दिवसांत नाटकापेक्षा गर्दी झाडाखालीच अधिक.

पैशाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. भाडे एका घराला गेले. पण तांदूळ आजींचा, दूध दुसऱ्या आळीतले, मासळी धीवरांची, भाजी बाजारातली, कवेलू फेरण्याची मजुरी आणखी कोणाची: आम्ही वही ठेवली होती, तिच्यात चौदा घरे निघाली. भाव आम्ही पहिल्याच दिवशी आजींकडून समजून घेतले आणि गाव देई तेच दिले. पाहुण्याने उदार होऊन दुप्पट द्यायला सुरुवात केली, तर चार महिन्यांनी तो निघून जातो आणि वाढलेला भाव शेजारणीच्या पदरात राहतो. २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याचा फायदा घेणारी शेतावरची केंद्रे आपण पाहतो. तेथे जेवण मिळते, बैलगाडीत बसवतात, हुरडा देतात. हे वाईट नाही. पण एका आवारात सगळे मिळाले की पाहुणा गावात शिरत नाही, आणि पैसाही शिरत नाही.

आम्ही निघण्याच्या आठवड्यात घरमालक नागपूरहून आले. घराला पुन्हा भाडेकरू मिळतील असे त्यांना वाटू लागले होते. थंड हवेचे यंत्र बसवावे का, फरशी बदलावी का, आणि जेवण करून देणारी एखादी बाई ठेवावी का, असे त्यांनी आम्हाला विचारले. कवेलू पावसाआधी एकदा फेरून घ्या, मोरीचे पाणी नीट काढा, आणि ओट्याशेजारी चुलीची जागा आहे ती तशीच राहू द्या, एवढे आम्ही सांगितले. बाईविषयी त्यांनी पुन्हा विचारले. आम्ही म्हटले, शेजारी आजी आहेत; येणाऱ्याला तांदूळ कोणाचा घ्यायचा ते त्या विचारतीलच.