शाळा एक किलोमीटरवर

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला सांगितलं, ‘काका, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा.’ आठवणी सांगायला पाटील वहिनी आहेत, त्या माझ्यापेक्षा रंगवून सांगतात. मी आयुष्यभर बँकेत कागद तपासले. त्यामुळे मी एका कागदाबद्दल बोलणार आहे. तो म्हणजे रहिवासाचा पुरावा. आणि तो कुणाचा, तर आपल्या सोसायटीत राहणाऱ्या पण सभासद नसलेल्या मुलांचा.

माझा मुलगा अमेरिकेत असतो. तिथे सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते. शाळेत गर्दी झाली की शिक्षण मंडळ हद्दीची रेघ इकडची तिकडे सरकवतं. मागे तो असाच चिंतेत होता. घर घेताना शाळा बघून घेतलं, आणि आता रेघ सरकली तर नातवाची शाळा बदलणार. तिथे मंडळाच्या जाहीर बैठका होतात, आईबाप जाऊन तावातावाने बोलतात. मी त्याला फोनवर म्हटलं, ‘अरे, आपल्याकडे ही भानगड नाही, फी भरली की झालं.’ म्हटलं खरं, पण ते आपल्यापुरतं. आपल्या गेटवर जो उभा असतो त्याच्यासाठी आपल्याकडेही रेघ आहे, आणि ती बरोबर एक किलोमीटरची आहे.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण. त्यात कलम 12(1)(क) आहे. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या 25 टक्के जागा परिसरातल्या दुर्बल आणि वंचित गटातल्या मुलांना द्यायच्या, फीची भरपाई सरकारने करायची. आपल्या राज्यात दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. अर्ज ऑनलाइन, नंतर लॉटरी. आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं, मग तीन किलोमीटरपर्यंतची, मग त्यापलीकडची.

हे अंतर मोजतात कसं? पालकाने नकाशावर आपल्या घराच्या जागी खूण करायची, आणि संगणक तिथून शाळेपर्यंत सरळ रेघ मारतो. कावळा उडतो तशी. आपण सिंहगड रस्त्यावर राहतो, पलीकडे कर्वेनगर, मध्ये मुठा. आपल्या इस्त्रीवाल्यांच्या मुलाला नंबर लागला तो नदीपलीकडच्या शाळेत, नकाशावर किलोमीटरच्या आत. राजाराम पुलावरून मी स्कूटरने जाऊन मोजलं, अडीच भरलं. नदीवरून पोरगं काय उडत जाणार? तरी त्याची आई रोज सोडते-आणते, मध्ये चार बंगल्यांची धुणीभांडी उरकते. बरं, खूण जरा चुकीच्या ठिकाणी पडली तर पडताळणी समिती प्रवेश रद्द करते. बँकेत सही जुळली नाही की चेक परत, तसंच हे.

आता आपल्या वॉचमनदादांची गोष्ट. त्यातले बरेच जण इथे बसलेत ज्यांनी त्या सभेत हात वर केला होता, विरोधातही. 2022 मध्ये त्यांच्या मोठ्या मुलीचा पहिलीचा अर्ज भरायचा होता. रेशन कार्ड गावाकडचं. लाइट बिल सोसायटीच्या नावावर. मागच्या बाजूच्या खोलीत हे कुटुंब आठ वर्षं राहतंय, पण कागदावर कुठेच राहत नाही. भाड्याने राहणाऱ्याला नोंदणीकृत करार लागतो, तोही अर्जाच्या तारखेआधीचा आणि किमान अकरा महिन्यांचा. नोटरी चालत नाही.

सभेत प्रश्न आला की करार करून दिला आणि उद्या खोली सोडली नाही तर? प्रश्न रास्त होता, त्यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. सोसायटीची मालमत्ता सांभाळणं हे कमिटीचं कामच आहे. मी फक्त भाडे नियंत्रण कायदा, 1999 घेऊन गेलो होतो. लिव्ह अँड लायसन्सने राहणारा भाडेकरू होत नाही, मुदत संपल्यावर जागा परत मिळवायची तरतूद कलम 24 मध्ये आहे. आणि कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती नोंदणी करून घेणं ही जागामालकाची जबाबदारी. म्हणजे कागद न करण्यात धोका आपल्यालाच जास्त होता! नऊ विरुद्ध सहा मतांनी ठराव झाला. मुलगी प्रतीक्षा यादीतून लागली. आज ती तिसरीत आहे आणि लिफ्टमध्ये मला पाढे विचारते. एकोणतीसच्या पाढ्याला मी अडकतो.

धाकट्याच्या वेळी कागद तयार होता, पण रेघच उलटी फिरली. 9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला 25 टक्क्यांतून सूट. शहरात अशी खासगी शाळा शोधून दाखवा, जिच्याजवळ महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही! वॉचमनदादा अर्ज भरायला बसले तर बहिणीची शाळा यादीतच नाही. माझ्या लॉगिनमध्ये काही बिघडलंय असं त्यांना वाटलं. राज्यभर अर्जांची संख्या एकदम घसरली. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली, सगळ्यांनी पुन्हा अर्ज भरले. 19 जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, मूळ कायद्याच्या आणि घटनेच्या कलम 21-अ च्या विरुद्ध म्हणून. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. पण शाळा जूनमध्ये सुरू झाल्या होत्या. दीड महिना हा मुलगा बहिणीची बस सुटेपर्यंत गेटवर उभा राहायचा आणि मग केबिनमध्ये बापाशेजारी बसून राहायचा. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय त्याला.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असं मी म्हणणार नाही. जवळ आपलीच शाळा असताना खासगी शाळेला पैसे का द्यायचे, हा हिशेबाचा प्रश्न आहे आणि मी हिशेबाचा माणूस आहे. प्रतिपूर्तीचा दर दर मुलामागे वर्षाला 17,670 रुपये, आणि तीही शाळांना वेळेवर मिळत नाही, थकबाकी साचते. शाळाचालकांची तक्रार खरी आहे. मी स्वतः नगरपालिकेच्या शाळेत शिकलो, तेव्हा ती शाळा वाईटच असते असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये. पण थकबाकी झाली तर ती वसूल करायची असते, ग्राहकाचं खातं बंद करायचं नसतं.

आपल्यातल्या काही तरुण पालकांनी मला खालच्या बाकावर विचारलं, ‘काका, आम्ही एवढी फी भरतो, वर्गाचा दर्जा उतरणार नाही का?’ मी म्हटलं, तुमची मुलं संध्याकाळी पार्किंगमध्ये याच मुलांबरोबर क्रिकेट खेळतात. तिथे कुणाचा दर्जा उतरला? उलट विकेटकीपर तोच धाकटा आहे. डबा, सहलीचे पैसे, वाढदिवसाची भेट यावरून त्या मुलांना वर्गात अवघडल्यासारखं होतं, हे मात्र मी त्याच्या आईकडून ऐकलंय. त्याची काळजी करायला हवी.

आणि नुसतं शहराचंच नाही. 2023 मध्ये शिक्षण खात्याने कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून नाव घेतलं ते तोरणमाळचं आणि आपल्याच रस्त्याने पुढे गेल्यावर लागणाऱ्या पानशेतचं. आपल्याकडे कामाला येणाऱ्या दोन मावशी त्याच भागातल्या. वाडीवरची शाळा बंद झाली आणि पावसात बस आली नाही तर सहा वर्षांच्या मुलीला कोण पाठवणार, एवढंच त्या विचारतात. कोर्टबिर्ट त्यांना ठाऊक नाही.

तर कामाचं सांगतो. 2025 मध्ये अर्ज जानेवारीत सुरू झाले होते. म्हणजे ज्यांच्या घरी कामाला येणाऱ्यांची, ड्रायव्हरची मुलं पहिलीच्या वयाची आहेत, त्यांनी करार, उत्पन्नाचा दाखला, जन्माचा दाखला हे सगळं डिसेंबरअखेर करून घ्यावं. दहा शाळा निवडता येतात, त्या अंतर बघून निवडा. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात लॅपटॉप घेऊन बसणार आहे. नकाशावरची खूण मी स्वतः तपासून देईन. येताना मूळ कागद आणणे, झेरॉक्स मशीन ऑफिसात आहे, कागदाचं रीम मी आणून ठेवलंय.