पुतळा कोणाचा आणि हात कोणाचे?

(कल्याण येथील सभेत दिलेले व्याख्यान)



पुतळ्याची गोष्ट निघाली म्हणजे तो कोणाचा, कोठे उभारला आणि किती फूट उंच, एवढ्यावर आपले सारे बोलणे संपते. तो घडविला कोणी, हे विचारणारा शंभरांत एखादाच निघतो. मुंबईस गेटवेसमोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याला मुजरा करून आलेले येथे पुष्कळ असतील. पण ज्या हातांनी तो घडविला ते हात याच कल्याणात लहानाचे मोठे झाले, हे कितीजणांस ठाऊक आहे? आज मी त्या हातांविषयी बोलणार आहे. मात्र कोणाची आरती ओवाळण्यासाठी मी उभा नाही. त्या माणसाच्या आयुष्यात आपल्या समाजाने शिकण्यासारखा एक धडा आहे, आणि तो न शिकल्याचा दंड महाराष्ट्राने नुकताच भरला आहे.

सदाशिव दत्तात्रय साठे, लोकांचे भाऊ साठे, यांचा जन्म १७ मे १९२६ रोजी कल्याणास झाला. मातीची पहिली ओळख त्यांना गणेशमूर्तींनी करून दिली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत जाऊन त्यांनी शिल्पकलेचे रीतसर शिक्षण घेतले. तिशी उलटण्यापूर्वीच दिल्लीच्या चांदणी चौकातील महात्मा गांधींचा पुतळा त्यांच्या हातून झाला. महाराष्ट्र राज्य जन्मास आल्यावर गेटवेचा शिवपुतळा झाला आणि २६ जानेवारी १९६१ रोजी त्याचे अनावरण झाले. दिल्लीतील सुभाषबाबूंचा पुतळाही त्यांचाच. लॉर्ड माउंटबॅटन आणि प्रिन्स फिलिप यांची शिल्पे त्यांनी केली. पुढे डोंबिवलीस स्वतःचे शिल्पालय उभारले, की चौथऱ्यावर उंच चढून बसलेली माणसे सामान्य लोकांना जवळून पाहता यावीत. ३० ऑगस्ट २०२१ रोजी वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते वारले.

आमच्या चळवळीच्या सभेत साठ्यांचे गुणगान कशाला, असे कोणी मनात म्हणत असेल. साठे हे आडनाव ब्राह्मणांत आहे, तसे ते मातंगांतही आहे. माती आडनाव विचारीत नाही. जो तिच्यात कोपरापर्यंत हात घालतो त्याला ती वश होते, आणि सोवळे सांभाळणाऱ्याला होत नाही. ज्यांनी हाताच्या कामाला हलके ठरविले त्यांच्याशी आमचे भांडण आहे. जो हाताने काम करतो तो कोणत्याही घरचा असो, आमचाच आहे.

आता हे काम कसे चालते ते पाहा. प्रथम लोखंडी सांगाडा. त्यावर मणामणांनी माती. माणसाचे हाड कोठे आहे, स्नायू कोठे ताणतो, घोड्याने मान वळविली की खांद्याचे काय होते, हे सारे डोळ्यांत मुरलेले असावे लागते. वर्षानुवर्षे जिवंत माणूस समोर बसवून अभ्यास केल्यावाचून ते मुरत नाही. मातीवरून प्लास्टरचा साचा, साच्यावरून मेण, मेणावर पुन्हा मातीचे आवरण. मग भट्टीत मेण वितळवून काढावयाचे आणि त्या पोकळीत तांबे व कथील यांचा तापलेला रस ओतावयाचा. पुतळा मोठा असला तर तो तुकड्यातुकड्यांनी ओततात, सांधतात, कानशीने घासतात. अश्वारूढ पुतळ्यात तर घोडा आणि स्वार यांचा सगळा भार सडपातळ पायांवर येतो. आतला सांगाडा कच्चा राहिला की बाहेरचे सौंदर्य फुकट. म्हणजे एका पुतळ्यामागे शिल्पकार, ओतारी, लोहार, सांधकाम करणारा, गवंडी आणि पाथरवट इतक्यांचे हात असतात. ही नावे कोणाची आहेत? आपल्या बारा बलुत्यांतली आणि अठरा अलुत्यांतलीच नव्हेत काय? ज्यांना धर्मशास्त्राने शूद्र म्हणून खाली बसविले त्यांच्याच हातून देव घडले आणि राजेही घडले. देव घडविणाऱ्याला गाभाऱ्याबाहेर ठेवून त्याच देवावर दक्षिणा उकळणारे मात्र श्रेष्ठ ठरले!

पुतळ्याचा प्रश्न आमच्या चळवळीला नवा नाही. पुण्याचा शिवपुतळा राजर्षी शाहू छत्रपतींनी मनावर घेतला. तो विनायकराव करमरकरांनी घडविला आणि महाराजांच्या पश्चात १९२८ साली त्याचे अनावरण झाले. त्याआधी १९२५ साली केशवराव जेध्यांनी पुणे नगरपालिकेत जोतीरावांच्या पुतळ्याची मागणी केली, तेव्हा केवढे काहूर उठले! पुतळ्याने भाकरी मिळत नाही हे आमच्या पूर्वसूरींनाही कळत होते. पण चौकात कोण उभा राहावयाचा हे ठरविण्याचा अधिकार मूठभरांच्या हाती का असावा, हा त्यांचा सवाल होता. शिवाय पुतळ्याला वंदन करण्यास मधला दलाल लागत नाही. म्हणूनही तो बहुजनसमाजाला आपला वाटला.

बंधूंनो, आज तो दलाल दुसऱ्या वाटेने आत शिरला आहे. त्याच्या हाती पळीपंचपात्र नाही; निविदेचा कागद आहे आणि उद्घाटनाची तारीख आहे. मालवणास राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही पुरते झाले नव्हते. नटबोल्ट गंजल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याकडून त्याच्या काही दिवस आधीच गेले होते. वाऱ्याकडे बोट दाखविण्यात आले. अहो, गेटवेला काय समुद्र नाही? खारा वारा नाही? तेथे साठ्यांचा घोडा साठांहून अधिक पावसाळे अंगावर घेऊन उभा आहे. वारा दोहीकडे तोच. फरक विद्येत, वेळेत आणि कसोटीत आहे.

मालवणचे ते काम कल्याणच्याच एका तरुण मूर्तिकाराकडे गेले होते. त्याला येथे शिव्या घालून टाळ्या मिळविण्याची मला हौस नाही. त्याचा दोष किती हे न्यायालय पाहील. माझा प्रश्न काम देणारांना आहे. तुम्ही कोणती परीक्षा घेतली? धातू तपासला कोणी? आतला सांगाडा पाहिला कोणी? पुतळा पुरा झाल्यावर तारीख ठरविली की तारखेसाठी पुतळा पुरा केला? जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. इंजिनियर खात्यातील लबाडीवर त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी कोरडे ओढले. ते आज मालवणास गेले असते, तर हार घालण्याआधी त्यांनी चौथऱ्याचे बोल्ट हाताने हालवून पाहिले असते.

पुढे त्याच जागी नवा पुतळा उभारण्याचे काम कोणाकडे आले? राम सुतारांकडे. धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी १९२५ साली एका सुताराच्या घरी हा मुलगा जन्मला. श्रीराम कृष्ण जोशी नावाच्या शिक्षकांनी त्याचा हात ओळखला आणि त्याला ज. जी. शाळेची वाट दाखविली. तेथे त्याने सुवर्णपदक मिळविले, पुढे वेरूळ-अजिंठ्याच्या जीर्णोद्धारात काम केले, आणि २०१८ साली नर्मदेकाठी उभ्या राहिलेल्या १८२ मीटर उंच सरदार पटेलांच्या पुतळ्याचा शिल्पकार तोच ठरला. मालवणचा नवा पुतळा मे २०२५ मध्ये उभा राहिला तेव्हा सुतार शंभरीचे होते. घाईने पाडलेले काम अखेर विद्येला हाक मारूनच सावरावे लागले. आणि ती विद्या बलुतेदाराच्या घरातून, एका भल्या शिक्षकाच्या बोटाला धरून आली होती.

येथेच आपल्या कर्तव्याचा प्रश्न येतो. ठाणे, कल्याण, पेण या पट्ट्यात गणपतीच्या कारखान्यांतून किती पोरे माती मळीत बसलेली असतात! आषाढ-श्रावणात रात्री जागून त्यांनी केलेले डोळे पाहा. काही हातांत विलक्षण गुण आहे. भाद्रपद सरला की तीच पोरे मिळेल त्या रोजगाराच्या शोधात फिरतात. त्यांना शरीरशास्त्र कोणी शिकविले नाही, ओतकाम दाखविले नाही, कलाशाळेचा अर्ज हाती दिला नाही. कल्याणच्या मातीतून निघालेला एक मुलगा रीतसर शिकला म्हणून भाऊ साठे झाला. बाकीच्यांना देवाने कमी दिले, असे म्हणावयाचे काय?

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. पहिली, सार्वजनिक पैशाचे प्रत्येक स्मारक उघड्या स्पर्धेने द्यावे आणि परीक्षकांत माती व धातू जाणणारी माणसे असावीत. दुसरी, धातू व सांगाडा यांची तपासणी झाल्यावाचून अनावरणाची तारीख ठरवू नये, आणि पुढेही वर्षाकाठी तपासणी व्हावी. तिसरी, चौथऱ्यावर पुढाऱ्याच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत शिल्पकाराचे व ओतकाम करणारांचे नाव कोरावे. चौथी मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. आपल्या आळीतील ज्या मुलामुलीच्या हातात गुण दिसेल, त्यांना चित्रकलेच्या परीक्षांना बसवा आणि पुढे कलाशाळेत धाडा. जयंतीच्या वर्गणीतून एका मुलाची फी काढून ठेवा. डीजेचा एक तास कमी वाजला तर महापुरुष रागावणार नाहीत.

शिवछत्रपतींनी किल्ले बांधले ते मुहूर्ताच्या फोटोसाठी नव्हे. त्यांच्या बुरुजांचे दगड अजून सांधे धरून आहेत, कारण दगड बसविणाऱ्या हाताची त्यांना कदर होती. त्या राजाचा पुतळा तरी आपण त्याच्या रीतीने उभारावा, एवढेच माझे मागणे आहे.

सत्यमेव जयते!