ज्योत्स्नाबाई भोळे यांची आठवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण एखाद्या कर्तबगार स्त्रीची आठवण काढतो. यंदा तो मान मला दिलात. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चार जणींपुढे उभे राहून बोलण्याची सवय नाही. जे वाचले, ऐकले ते साध्या शब्दांत सांगते. सांभाळून घ्या.

मी नाव निवडले आहे ज्योत्स्नाबाई भोळे यांचे. अकोल्याला माझ्या माहेरी रेडिओवर त्यांचे नाट्यगीत लागले की आई तवा खाली उतरवून ठेवायची आणि गाणे संपल्यावरच पुढची भाकरी टाकायची. पण केवळ गोड गळ्यासाठी मी त्यांचे नाव घेत नाही. आपल्या मंडळापुढे आज जो प्रश्न उभा आहे, तोच त्यांच्यापुढेही उभा होता, म्हणून घेते.

ज्योत्स्नाबाईंचा जन्म 1914 साली गोव्यात बांदिवडे येथे झाला. माहेरचे नाव दुर्गा केळेकर. लहानपणीच त्या मुंबईस आल्या. त्यांच्या थोरल्या भगिनी गिरिजाबाई याही गाणाऱ्या. 1932 साली त्यांचा विवाह केशवराव भोळे यांच्याशी झाला. आणि हे केशवराव कोण? तर आपल्या अमरावतीचे! 1896 साली त्यांचा जन्म येथलाच. पुढे त्यांनी प्रभात कंपनीच्या 'संत तुकाराम', 'कुंकू' अशा चित्रपटांना संगीत दिले. तेव्हा नात्याने पाहिले तर ज्योत्स्नाबाई या आपल्या गावच्या सूनबाईच म्हणायच्या.

लग्नानंतर वर्षभराने, जुलै 1933 मध्ये, मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आले. 'नाट्यमन्वंतर' या नावाखाली शिकल्यासवरलेल्या हौशी मंडळींनी ते केले होते. मूळ नाटक नॉर्वे देशातील ब्यर्नसन यांचे, श्री. वि. वर्तकांनी ते मराठीत आणले. रंगवलेल्या पडद्यांऐवजी खऱ्या घरातल्यासारखी खोली मांडलेली, बोलणे आपण घरी बोलतो तसे, आणि गाणी मोजकी. संगीत केशवरावांचे होते.

त्या काळी बायकांची कामे बहुतेक पुरुषच करीत. बालगंधर्वांचे लुगडे नेसणे पाहून बायका तसे नेसायला शिकत! हिराबाई बडोदेकरांसारख्या काही स्त्रियांनी रंगभूमीवर पाऊल टाकले होते, पण घरंदाज बाईने नाटकात उभे राहणे लोकांस रुचत नव्हते. अशा वेळी एकोणीस वर्षांच्या ज्योत्स्नाबाई बिंबाची भूमिका घेऊन उभ्या राहिल्या. आणि बिंबा तरी कशी? आपले लग्न ज्याच्याशी ठरले, त्याच्या मागील वागण्याचा जाब विचारणारी. बाईने शील सांभाळावे, मग पुरुषाने का नाही, हा त्या नाटकाचा प्रश्न.

पुढे 1942 साली मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू' नाटकात त्यांनी भानुमती केली. सिनेमात काम करणारी बायको आणि तिचे नाव सहन न होणारा नवरा, असा तो संसार. मास्टर कृष्णरावांच्या चाली ज्योत्स्नाबाईंच्या गळ्यातून घरोघर गेल्या. त्यांनी संसार केला, मुले वाढवली, 'आराधना' नावाचे नाटकही लिहिले. 2001 साली त्या गेल्या. पुण्यात हिराबागेत त्यांच्या नावाचे सभागृह आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. यंदा आपण नाटुकले बसवायला घेतले. आठ जणी तयार झाल्या. पंधरा दिवसांत तिघींनी नाव काढून घेतले. नावे घेत नाही. एकीला घरी विचारले, "काऊन वं, आता या वयात तोंड रंगवतं का?" दुसरीला म्हणाले, "लोकं काय म्हन्तीन?" मैत्रिणींनो, ह्याच तिघी मंगळवारी भजनाला येतात, टाळ वाजवतात, खड्या आवाजात गातात. तेव्हा त्यांना कोणी अडवत नाही. आपल्या शेजारच्या ख्रिस्ती भगिनी नाताळात चर्चमध्ये गातात, त्यांचेही आपण कौतुकच करतो. देवापुढे उघडलेला गळा चांगला, आणि चार माणसांपुढे उघडला की वाईट, हे कसे? गळा एकच, बाई एकच.

ज्योत्स्नाबाईंना अडवणारे असतील, पण घरात त्यांना चाली शिकवणारा माणूस होता. आपल्या तिघींनाही तेवढेच हवे आहे. घरातल्या एका माणसाने "जा" म्हटले की बाहेरच्या दहा जणांचे बोलणे ऐकूही येत नाही.

म्हणून दोन सूचना मांडते. तालीम रात्री न ठेवता दुपारी दोन ते चार ठेवावी, म्हणजे स्वयंपाक आणि मुलांची शाळा, दोन्ही सांभाळता येतील. आणि समोर बसलेल्या सासूबाईंना हात जोडून विनंती आहे, की एक दिवस सुनेबरोबर तालमीला येऊन बसा. काय चालते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आवडले नाही तर खुशाल हात धरून घरी न्या. पण मला वाटते, तुम्हीच एखादे काम मागाल!

त्या तिघींच्या जागा आम्ही अजून भरलेल्या नाहीत. त्यांची वाट पाहतो आहोत.